वाईनला दिलेले ऊन

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास माझ्या दाजींना सरकारी दवाखान्यात दाखल केले. उलट्या आणि जुलाब पहाटेपासून सुरू होते. आठ वाजता त्यांनी ताईला सांगितले की भिंतीवरचे कॅलेंडर धूसर दिसते आहे. आदल्या संध्याकाळी त्यांनी गच्चीवर बसून लाल वाईन घेतली होती. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली बाटली होती.

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘मद्यसेवन’ असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. भेसळीच्या दारूत जे स्पिरिट मिसळतात त्याने आधी डोळे जातात आणि मग माणूस जातो, हे त्या काळी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. अशा बातम्या मी स्वतः लिहिल्या होत्या. दाजी नव्या जिल्हा कचेरीत आवक-जावक लिपिक होते. आलेल्या टपालाचे नंबर बारीक अक्षरात रजिस्टरला चढवणे हे त्यांचे दिवसभराचे काम. वय चौतीस. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांसमोर दोन बोटे धरली. दाजी म्हणाले, “दोन. पण कडा दिसत न्हाईत.”

मी नांदेडच्या एका दैनिकाचा लातूरचा बातमीदार होतो. ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून माझी खोली होती. बाटली कोणत्या दुकानातून आली हे मला विचारावे लागले नाही. ती दुकानात का आली, हेही मला माहीत होते. त्यासाठी चार महिने मागे, नांदेडला जावे लागते.

जानेवारीत नांदेडला एक हिंदी चित्रपट लागला. त्याचे नाव लोक फारसे घेत नसत. ‘लाल गिलासाचा पिच्चर’ म्हणत. तोवरच्या हिंदी चित्रपटांत कोण काय पितो हे ठरलेले होते. खलनायक चपट्या बाटलीतून पीत असे. प्रेमात हरलेला नायक उभ्या बाटलीतून पीत असे आणि भिंतीला धरून चालत असे. घरंदाज बाईच्या हातात काही नसे. या चित्रपटात नव्याने पैसा पाहिलेला नायक आपल्या बायकोबरोबर बंगल्याच्या गच्चीवर बसतो. दोघांच्या हातात उंच, बारीक दांडीचे गिलास, त्यात लाल वाईन. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्याची आई गच्चीवर येते, खुर्चीत बसते आणि अर्धा गिलास घेते. कुणी पडत नाही, कुणी रडत नाही. आई डोक्यावरचा पदर सरळ करते आणि गाणे संपते.

पाचव्या आठवड्यात मी नांदेडच्या कचेरीत गेलो होतो. टॉकीजसमोरच्या सरबतवाल्याने दांडीचे गिलास आणले होते आणि गुलाबाचे सरबत तो त्यातूनच देत होता. शेजारी वाईन शॉप होते. त्या दुकानात गोव्याची गोड लाल वाईन पूर्वीपासून असे. वर्षाला चार-सहा बाटल्या खपत, त्याही बाळंतिणीसाठी. घरातली म्हातारी रोज एक बूचभर पाजायची. आता मुदखेड, लोहा, नायगावहून एसटीने पिच्चरला आलेली माणसे खेळ सुटल्यावर थेट या दुकानात येत होती. वाईनचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. ते अंगठा आणि दोन बोटे जुळवून, दांडी धरल्यासारखा हात करून दाखवत. दुकानदार मला म्हणाला, “दारू मागताना माणूस खाली बघतो. हे लोक वर बघून मागून राहिलेत.” त्याच्याकडचा माल तिसऱ्याच आठवड्यात संपला होता.

ही माहिती मी लातूरला आल्यावर आप्पांना दिली.

आप्पा म्हणजे लातूरच्या त्या दुकानाचे मालक. मूळ धंदा कडधान्याच्या आडतीचा. वाईन शॉपचा परवाना एका भागीदारीतून त्यांच्याकडे आला आणि भागीदारी मोडल्यावर त्यांच्याकडेच राहिला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरे धोतर. घरात पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसत. दारूचा थेंब त्यांनी कधी चाखला नव्हता आणि दुकान बंद केल्यावर हात धुतल्याशिवाय घरात कशाला शिवत नसत. चवीवरून माल ओळखण्याची सोय नसल्यामुळे त्यांनी दुसरी पद्धत बसवली होती. दर गुरुवारी संध्याकाळी ते मला दुकानात बोलवत, चहा मागवत आणि विचारत की उद्या कोणता पिच्चर लागतो आणि त्यात कोण काय पितो. आमच्या पेपरात चित्रपटांच्या जाहिराती येत, त्यामुळे मला आधी कळे. खलनायक जोरात असला की चपट्या बाटल्या पुढच्या फळीवर येत. पौराणिक चित्रपट असला की आप्पा आठवडाभर नवा माल घेत नसत. तुरीसाठी ते आभाळाकडे बघत आणि इथे शुक्रवारकडे. दोन वर्षांत त्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

मी नांदेडचे सांगितले. त्यांनी विचारले, “म्हातारीबी पिते म्हणता?”

“अर्धा गिलास.”

आप्पा म्हणाले, “म्हातारी पीत आसंल तर घरात जाती ती.” त्यांनी आठ पेट्या मागवल्या. लातूरच्या कुठल्याही दुकानात तोवर लाल वाईनची एक पेटीही एका वेळी आली नव्हती.

पेट्या होळीच्या आधी आल्या. चित्रपट लातूरला पाडव्याच्या आठवड्यात लागणार होता. मधल्या काळात जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आणि त्यात काही चुकीचे आहे असे मला वाटले नाही.

लातूरच्या आडत्यांमध्ये होळी झाली की कडधान्याला ऊन द्यायची रीत आहे. तूर, मूग, उडीद गच्चीवर पसरायचे, दुपारी एकदा पालटायचे आणि आठ दिवसांनी कोठीत भरायचे. ऊन दिलेल्या धान्याला वर्षभर किडा लागत नाही. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, पीक हाती आले नव्हते आणि आप्पांची गच्ची निम्मी रिकामी होती. एका दुपारी मी वर गेलो तेव्हा एका बाजूला तूर पसरली होती आणि दुसऱ्या बाजूला, ताडपत्रीवर, लाल वाईनच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. दोन हमाल त्या एकेक उचलून पालटत होते, म्हणजे उन्हाकडची बाजू सावलीकडे वळवत होते. हमालांनी हाताला ओले फडके गुंडाळले होते, कारण काच धरवत नव्हती.

मी आप्पांना विचारले की बाटलीत किडा कसा जाईल.

“बाटलीत न्हाई जात,” ते म्हणाले. “पण बूच कशाचं हाय? लाकडाचं. लाकडाला किडा लागतो का न्हाई?”

बाटल्या आठ दिवस उन्हात राहिल्या. मग पेट्यांत भरून दुकानाच्या पत्र्याच्या माळ्यावर गेल्या.

पाडव्याला चित्रपट लागला. ऑगस्टमध्ये जिल्हा झाल्यापासून लातूरला कचेऱ्या येत होत्या. उस्मानाबाद, बीड, नांदेडहून बदलून आलेले कारकून, ओव्हरसियर, शिक्षण खात्याचे साहेब भाड्याच्या खोल्या शोधत होते. कचेऱ्याही भाड्याच्याच होत्या. एका बोळात तर कापसाच्या गोदामावर फळी लावून तिच्यावर खात्याचे नाव रंगवले होते. या माणसांना इथे कुणी ओळखत नव्हते आणि गावाकडचे वडीलधारे पाहायला नव्हते. पगार नियमित होता. पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही टँकरने. चित्रपटातली गच्ची मात्र त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या भाड्याच्या घराला होती.

दोन आठवड्यांत आप्पांच्या पन्नासावर बाटल्या गेल्या. घेणाऱ्याला एक दिवसाचा परवाना लागे. त्यासाठी दुकानातल्या रजिस्टरमध्ये नाव, पत्ता आणि सही द्यावी लागे. परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ असे, ते छापीलच होते. मी ते रजिस्टर पाहिले होते. त्यात अर्धे पत्ते नव्या कचेऱ्यांचे होते.

एकही बाटली परत आली नाही. पुढे जे घडले ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ती वाईन उन्हाने आंबली होती. पण लाल वाईन कशी लागते हे गिऱ्हाइकांपैकी कुणालाच माहीत नव्हते आणि विकणाऱ्यालाही माहीत नव्हते. पिच्चरमध्ये रंग दिसला होता, गिलास दिसला होता, गच्चीवरचा वारा दिसला होता. चव दिसली नव्हती. लोकांनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि भारी वस्तू अशीच असणार असे धरून चालले. एका ओव्हरसियरने चहाच्या टपरीवर मला समजावून सांगितले की जितकी भारी तितकी आंबट. तो स्वतः दोन चमचे साखर घालत असे.

दाजींनी आणि ताईने तो चित्रपट नांदेडलाच पाहिला होता, मुदखेडला आमच्या घरी बारशाला आले असताना. गाणे ताईलाही आवडले होते. ती ते भांडी घासताना म्हणत असे. पण शनिवारी दाजी कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन घरी आले तेव्हा तिने ती हातातून घेतली, कागद काढला, पाहिली आणि देव्हाऱ्याच्या जागी जिथे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती त्या भिंतीपासून लांब, चपलांच्या फळीवर ठेवली. मी तिथे होतो.

“पंचशील म्हणताना पाचव्याला तोंड दाबून बसता का?” तिने विचारले. पाचवे शील म्हणजे नशा न करण्याचे.

“अगं, ही दारू न्हाई. द्राक्षं हायत.”

“मग द्राक्षंच आणायची व्हती. चावून खाल्ली असती सगळ्यांनी.”

दाजींनी सांगितले की पिच्चरमधली म्हातारीसुद्धा घेते. ताई म्हणाली की त्या म्हातारीला टँकरपुढं घागरी घेऊन उभं राहायचं नसतं. विषय तिथे संपला. बाटली चपलांच्या फळीवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी एक मे होता. नव्या जिल्ह्यातले महाराष्ट्र दिनाचे पहिले झेंडावंदन सकाळी झाले आणि त्याला दाजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी कचेरीतले दोन सहकारी घरी आले. तिघे गच्चीवर बसले. मी थोडा वेळ होतो. मला बातमी द्यायची होती म्हणून निघालो. गिलास साधेच होते, चहाच्या दुकानातल्यासारखे. दोन गोळी सोडे आणले होते, ते दाजींनी पाहुण्यांना दिले. स्वतः त्यांनी वाईनमध्ये साखर घातली आणि माठातले पाणी घातले. खाली ताई भाकरी करत होती. ती वर आली नाही.

आता पुन्हा सोमवार.

दुपारी एक्साइजचे इन्स्पेक्टर दवाखान्यात आले, दाजींचा जबाब घेतला आणि तिथून थेट आप्पांच्या दुकानात गेले. उरलेल्या बाटल्या जप्त झाल्या, तीन बाटल्या तपासणीसाठी बाजूला काढल्या, दुकानाला सील लागले. रजिस्टरही ताब्यात घेतले. रजिस्टर घेतल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेऱ्यांत पोचली.

त्या दिवशी दाजींना भेटायला बरीच माणसे आली. बहुतेकांनी खाटेजवळ येऊन तब्येत विचारली आणि मग हळूच विचारले की डोळ्याला नेमके कसे वाटते, आधी डावा गेला की उजवा. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहा घ्यायला गेलो तर शिक्षण खात्याचे तिघे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. गाडी आत आली की तिघेही आळीपाळीने पाटी वाचत. नांदेड सोपे होते. लोहा दोन अक्षरी, सगळ्यांना जमले. ‘नायगाव मार्गे’ अशी खालची बारीक ओळ आली तेव्हा एकाला वाचता आली नाही आणि तो उठून दवाखान्याकडे चालू लागला. नंतर कळले की त्याचा चष्मा घरी राहिला होता.

मी संपादकांना ट्रंक कॉल लावला. दुसरा एक पेपर ‘विषारी वाईन’ असे लावणार असल्याचे त्यांच्या कानावर होते. त्यांनी विचारले, आपण काय लावायचे. मी सांगितले की विष असल्याचे अजून कुणी म्हटलेले नाही, डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढले आहे आणि रुग्ण माझे दाजी आहेत.

“मग तर दोनदा विचार करून लिही,” संपादक म्हणाले.

आमच्या पेपरात चार ओळी आल्या. एक इसम दाखल, बाटल्या तपासणीला, दुकान बंद, कारण समजले नाही.

रात्रीच्या आत मी एक गोष्ट पक्की केली. दाजींबरोबर बसलेले दोन्ही सहकारी ठणठणीत होते. एक घरी जेवत होता. दुसरा पत्ते खेळत होता आणि त्याला पत्ते दिसत होते. हे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले की हे चांगले आहे, पण स्पिरिट सगळ्यांना एकाच वेळी लागत नाही. उद्या दुपारपर्यंत थांबा. दाजींना सलाईन चालू होते. ते अधूनमधून डोळे मिटत आणि उघडत. वॉर्डाच्या दाराशी लावलेली सूचना ते तिथूनच वाचायचा प्रयत्न करत होते. तिची वरची ओळ त्यांना येत होती.

ताई रात्रभर बाकावर बसून होती. एकदाच बोलली. म्हणाली, “मी द्राक्षाचं बोलले ना, ते तेवढ्यापुरतं बोलले.”

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ताईला उलटी झाली. मग जुलाब. मी डॉक्टरांना बोलावून आणले. त्यांनी तिची नाडी पाहिली आणि विचारले, “तुम्ही पण घेतली होती का परवा?”

“पंचशील घेतलेल्या बाईला काय इचारून राहिलात?”

“थेंबभरही नाही?”

“वास बी घेतला न्हाई.”

डॉक्टर म्हणाले, “मग बरं झालं.”

ताईने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. “मला जुलाब लागले, ते बरं झालं?”

दाजी खाटेवर उठून बसले. सोमवारपासून ते पहिल्यांदाच आपण होऊन उठले होते. त्यांना समजले होते. मलाही समजले होते. माझ्या ताईची अवस्था वाईट होती आणि आम्ही तिघे पुरुष तिच्याभोवती हसऱ्या तोंडाने उभे होतो. तिलाही सलाईन लावले. दाजींच्या शेजारची खाट मिळाली नाही, दोन खाटा सोडून मिळाली. तिथून ती त्यांना म्हणाली, “आता दोघांची भाकरी कोण करणार, ती म्हातारी?”

दुपारपर्यंत त्यांच्याच गल्लीतले आणखी चार रुग्ण आले. त्यात एक आजी होत्या आणि एक शाळा मास्तर. यांपैकी कुणी वाईन पाहिलीही नव्हती. गल्लीतल्या पाच घरांनी शनिवारी एका खाजगी टँकरचे पाणी भरले होते. टँकर शहराबाहेरच्या एका तळाशी गेलेल्या विहिरीवर भरला होता. रॉकेल नव्हते म्हणून पाणी उकळले नव्हते, फक्त फडक्याने गाळले होते. पाहुण्यांनी वाईन सोड्यातून घेतली. दाजींनी ती माठातल्या पाण्यातून घेतली. डॉक्टरांनी केसपेपरवरचे प्रश्नचिन्ह तसेच ठेवले, पण ‘मद्यसेवन’च्या आधी ‘दूषित पाणी’ असे लिहिले.

बुधवारी दाजींना दाराजवळच्या सूचनेच्या चार ओळी वाचता आल्या. गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर आले, त्यांनी बॅटरीने आत पाहिले आणि सांगितले की मागे काही नाही. अंगातले पाणी गेल्याने अंधारी आली होती. दाजींनी त्यांना विचारले, “म्हणजे कायमचं?” डॉक्टर म्हणाले, “कायमचं काय, कायमचं चांगलं.” शनिवारी दोघे घरी आले. दाजी पहिले काही दिवस रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहून खालची छापखान्याची ओळ वाचत. ती जमली की आंघोळीला जात.

या सगळ्या दिवसांत आप्पा रोज सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहत. आत येत नसत. माझ्याकडून ऐकत आणि जात. मंगळवारचे ऐकल्यावर ते फाटकाला टेकून खाली बसले. थोड्या वेळाने उठले, धोतर झटकले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा हमाल दुकानामागच्या विहिरीतल्या पाण्याची घागर घेऊन आला. ताईने ती परत पाठवली. गुरुवारीही परत पाठवली. शुक्रवारी आप्पा स्वतः घागरीमागे आले आणि वॉर्डाच्या दाराबाहेरून त्यांनी विचारले, “आमच्या घरचं पाणी चालतंय न्हवं तुम्हाला?”

हा प्रश्न आमच्या घरातल्या कुणाला कुणी असा उलटा विचारल्याचे मला आठवत नाही.

ताई म्हणाली, “पाण्याला काय झालं, आप्पा? मी तुमच्या बाटलीवर रागावले व्हते.” तिने घागर ठेवून घेतली. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत त्या गल्लीने आप्पांच्या विहिरीवरून पाणी भरले.

आप्पांचे दुकान मात्र बंदच होते. प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय सील निघणार नव्हते. बाटल्यांचे नमुने औरंगाबादला गेले आणि दहा दिवसांनी न तपासता परत आले. पत्र लातूर जिल्ह्याचे होते आणि लाखेवरचा शिक्का जुन्या जिल्ह्याचा होता, कारण नवा शिक्का अजून बनून आला नव्हता. तो आला, नमुने पुन्हा गेले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल आला. विषारी द्रव्य आढळले नाही. आंबटपणा प्रमाणाबाहेर. पिण्यास अयोग्य, परंतु भेसळ नाही. परवाना रद्द झाला नाही. उरलेल्या बाटल्या इन्स्पेक्टरसमोर गटारीत ओतल्या गेल्या. गटार कोरडी होती. लाल धार दोन दुकाने पुढे जाऊन थांबली. जमलेल्यांपैकी एक म्हणाला की वास लोणच्याच्या बरणीसारखा येतो. रजिस्टर परत मिळाले आणि कुणाच्याही खात्याला पत्र गेले नाही. ओव्हरसियरने त्या दिवशी टपरीवर सगळ्यांचा चहा सांगितला.

माल आंबला कशाने, हे अहवालात नव्हते.

चित्रपट अजून चालू होता. आप्पांनी तीन नव्या पेट्या मागवल्या. त्या आल्या त्या दिवशी दाजी आणि मी दुकानात गेलो. दाजींना पाण्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. आम्ही पोचलो तेव्हा एक हमाल पेटी खांद्यावर घेऊन जिन्याच्या चौथ्या पायरीवर होता.

दाजींनी विचारले, “वर कुठं?”

“उन्हाला,” आप्पा म्हणाले. “पयल्या मालाला आठच दिवस दिलं व्हतं. कमी पडलं.”

दाजींनी उघड्या पेटीतली एक बाटली उचलली. चिठ्ठीवर सगळे इंग्रजीत होते. आप्पांना मराठी आणि कानडी वाचता येई, हिशेबापुरती मोडी येई. इंग्रजी येत नसे. मी कधी चिठ्ठी वाचली नव्हती. दाजींनी बाटली डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली. सगळ्यात खाली, कडेला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती त्यांनी आधी इंग्रजीत वाचली आणि मग मराठीत सांगितली.

“थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. आडवी ठेवावी. उन्हापासून जपावी.”

आप्पांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. दाजींनी पुन्हा वाचली. आप्पांनी वर पाहून हमालाला हाक मारली आणि खाली यायला सांगितले.

पेट्या तळघरात गेल्या. त्या बाटल्या गोड निघाल्या. पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी त्या परत आणल्या. माल डुप्लिकेट आहे, खरी वाईन आंबट असते, अशी त्यांची तक्रार होती. दाजींनी नंतर वाईन घेतली नाही. त्यांना पहिला चष्मा सेहेचाळिसाव्या वर्षी लागला, तोही वाचण्यापुरता.

पुढच्या होळीनंतर मी आप्पांच्या गच्चीवर गेलो. उन्हात तूर, मूग आणि उडीद होता.